किती देश फिरलं की माणूस बदलतो?

वाचकाचं पत्र

मी ३६ वर्षांची आहे. हिशेब तपासणीच्या कामात नोकरी करते. गेल्या दोन वर्षांत मी तीन मोठे प्रवास केले. टांझानियात किलिमांजारो चढले, गाडीने अख्ख्या आइसलँडला वळसा घातला आणि स्पेनमध्ये सारियापासून सांतियागोपर्यंत कामिनोची, म्हणजे जुन्या तीर्थयात्रेची, वाट चालले. दर वेळी वाटलं, परत येईन ती वेगळी होऊनच. विमानतळावरून घरी येताना तसं वाटतंही. मग पंधरा दिवसांत सगळं पूर्ववत. मीटिंगमध्ये पटलं नाही तरी मी मान डोलावते. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो. हौसेने घेतलेले चित्रकलेचे रंग वाळून गेले. (किलिमांजारोवर शेवटच्या कॅम्पला आमच्या ११ जणांच्या गटातल्या एकाला सारख्या उलट्या होत होत्या, चालताना तोल जात होता. याला खाली न्यायला हवं असं मला वाटत होतं, पण मी कुठली त्यातली जाणकार, म्हणून गप्प बसले. नंतर गाइडने पाहिलं आणि त्याला रातोरात खाली नेलं.) आता ठरवलंय, अशा छोट्या प्रवासांनी भागणार नाही. राजीनामा देऊन वर्षभरात २२ देश करायचे. 'बावीस देश, नवी मी' या नावाने इन्स्टाग्रामवर पानही उघडलंय. दादा म्हणतो, डोंगर चढून आलीस तरी तू तीच, पैसे फुकट गेले. मला सांगा, किती मोठा प्रवास केला म्हणजे माणूस खरंच बदलतो? की दोष माझ्यातच आहे?

– एक न बदललेली प्रवासी

उत्तर

प्रिय मैत्रीण,

पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात टाकलीय. तिथूनच सुरुवात करू.

किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. मध्यरात्री उठून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात पुढच्याच्या बुटांकडे बघत तिथवर पोचणं सोपं नाही, आणि 'पैसे फुकट' म्हणणाऱ्या दादांना ते कळायला स्वतः जावं लागेल. तुमच्या चढाईचं मोल मी कमी करत नाही. पण त्या दिवसांत कोण काय करत होतं ते जरा आठवून बघा. किलिमांजारोवर परवानाधारक गाइडशिवाय चढताच येत नाही. तंबू हमाल वाहून नेतात आणि तेच उभारतात. कधी उठायचं, कुठे थांबायचं, किती सावकाश चालायचं, हे सगळं गाइड ठरवतो. 'पोले पोले', सावकाश सावकाश, ही त्यांची स्वाहिली हाक तुमच्या कानात अजून असेल. तुमच्या वाट्याला आलं ते चालणं, धापा टाकणं आणि चिकाटीने टिकून राहणं. ठरवण्याची वेळ तुमच्यावर कधी आलीच नाही. अख्ख्या चढाईत एकच निर्णय आपण होऊन तुमच्यापुढे येऊन उभा राहिला, शेवटच्या कॅम्पवर, आणि तो तुम्ही दुसरं कुणीतरी घेईल म्हणून तसाच राहू दिलात.

मीटिंगमध्ये काय होतं? तेच.

म्हणजे डोंगराने तुम्हाला काही दाखवलं नाही, असं नाही. नेमकं तेच दाखवलं, जे बघायला तुम्ही इतक्या लांब गेला होता. तुम्ही ते कंसात टाकलंत आणि पुढच्या प्रवासाचं तिकीट काढलंत.

हे टोचून बोलणं वाटेल, पण इथे थोडं थांबायलाच हवं, कारण इथे एखाद्याचा जीव जाऊ शकला असता. जास्त उंचीवर माणसाचा चालताना तोल जाऊ लागला, तर ती मेंदूला सूज येत असल्याची खूण असू शकते. त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. सकाळपर्यंत बघू, झोपला की बरं वाटेल, असं तिथे चालत नाही. हे ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. टाचेला टाच लावून सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगायचं. जमलं नाही, तर बोलायचं. मोठ्याने बोलायचं. तसंच, ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा ठेवायचा, असं पर्वतीय वैद्यकाचं सांगणं आहे. किलिमांजारोच्या पाच-सहा दिवसांच्या सहली हे सर्रास धाब्यावर बसवतात. गटातल्या त्या माणसाची तब्येत बिघडली याचं मला नवल वाटलं नाही. अकरा जणांत तुमच्याइतकंच दिसलेलं आणखी कुणीतरी असणार, तेही गप्प राहिलं, याचंही वाटलं नाही.

आता तुमचे तिन्ही प्रवास शेजारी शेजारी ठेवून बघा. आइसलँडला वळसा घालणारा रस्ता साधारण १,३०० किलोमीटरचा. पुढे काय येणार हे नकाशावर आधीच दिसतं आणि रस्ता चुकायला फारसा वावच नाही. सारिया ते सांतियागो हे अंतर ११५ किलोमीटरच्या आसपास. सारिया का, हे तुम्हाला माहीत आहेच. पायी चालणाऱ्याला 'कोंपोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळण्यासाठी शेवटचे १०० किलोमीटर चालणं पुरतं, म्हणून सगळ्यात जास्त लोक तिथूनच सुरुवात करतात. त्यात गैर काही नाही, सुट्टी सगळ्यांनाच कमी असते. पण तुम्ही तिन्ही वेळा ज्याच्या शेवटी शिक्का मिळतो असा, सर्वांत आखीव-रेखीव मार्ग निवडलात. आता चौथ्यांदा तेच करताय, फक्त शिक्के २२.

किती मोठा प्रवास लागतो, असं विचारलंत ना? तुमचा पेशा हिशेबाचा, तेव्हा एका फार मोठ्या प्रवासाचा ताळेबंद तुमच्यापुढे मांडते.

१९६८मध्ये ब्रिटनच्या 'संडे टाइम्स'ने एक शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठल्याही बंदराला न लागता, कुणाचीही मदत न घेता शिडाच्या बोटीने पृथ्वीला प्रदक्षिणा घालायची. तोवर हे कुणालाच जमलेलं नव्हतं. नऊ जण निघाले. शर्यत पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, ३१२ दिवसांनी. निघण्याआधी त्यांना मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं होतं आणि परत आल्यावरही नेलं. वर्षाचा बहुतेक काळ माणसाचं तोंड न बघता वादळं झेललेल्या या माणसात काय उलथापालथ झाली, हे बघायचं होतं. निष्कर्ष दोन्ही वेळचा एकच: काळजी वाटावी इतका नॉर्मल.

त्याच शर्यतीत बर्नार्ड म्वातेसिए हे फ्रेंच खलाशी होते. केप हॉर्न हे दक्षिण अमेरिकेचं टोक ओलांडून ते परतीच्या समुद्रात आले होते आणि सर्वांत कमी वेळेचं बक्षीस त्यांच्या हाताशी होतं. त्यांनी गलोलीने एका जहाजाच्या डेकवर निरोप फेकला की मी शर्यत सोडतोय, आणि बोट पुन्हा पूर्वेला वळवली. अर्ध्याहून अधिक जग दुसऱ्यांदा पार करून ते ताहितीला जाऊन थांबले. समुद्र माणसाला बदलतो याचा दाखला म्हणून आजही त्यांचंच नाव घेतात. फ्रान्समध्ये त्यांची बायको वाट बघत होती, हे मात्र ते नाव घेताना सहसा कुणी सांगत नाही.

तिसरे डोनाल्ड क्रोहर्स्ट. इलेक्ट्रॉनिक्सचा धंदा बुडीत चाललेला, चार मुलं, कर्ज, आणि शर्यत अर्धवट सोडली तर बोटीचे पैसे अंगावर येतील असा करार. बोटीची पुरती चाचणीही न होता, मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ला ते निघाले. बोट गळायला लागली. पुढे जाणं म्हणजे मरण, परत फिरणं म्हणजे नाचक्की. मग ते अटलांटिकमध्येच फिरत राहिले आणि रेडिओवरून खोटी स्थिती कळवत राहिले. घरी वर्तमानपत्रांत त्यांच्या वेगाचं कौतुक छापून येत होतं. जुलै १९६९मध्ये त्यांची बोट सापडली, रिकामी. वह्यांमधल्या शेवटच्या नोंदींवरून मन पार ढासळलेलं दिसत होतं.

एकच शर्यत, एकच ठरलेला मार्ग, एकच वर्ष. एक होता तसाच राहिला, एक इतका पालटला की परत आलाच नाही, एक मोडून पडला. यातून अंतराचा आणि बदलाचा काही दर काढता येत असेल तर तुम्हीच काढा; मला तो दिसत नाही. आणि एक नोंद राहिली. शर्यतीत जिंकलेले ५,००० पाउंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी क्रोहर्स्ट यांच्या बायकोमुलांना देऊन टाकले. ज्याच्यात काहीच बदल झाला नाही असं तज्ज्ञाने सांगितलं होतं, तोच हा माणूस. दोष माझ्यात आहे का, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. न बदलणं हा आजार नव्हे. काय न बदललेलं बरं आणि काय बदललेलं बरं, एवढाच खरा प्रश्न, आणि तुमच्या बाबतीत त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय. तुम्हाला गप्प बसायचं नाहीये.

क्रोहर्स्ट यांची आठवण मुद्दाम काढली, ती 'बावीस देश, नवी मी'साठी. ते पान बंद करा, असं स्पष्टच सांगते. फोटोंना माझी ना नाही. पण निघायच्या आधीच बदलाची जाहिरात केली, की तेराव्या देशात कंटाळा आलेला, पोट बिघडलेलं, कुणाशी बोलावंसं न वाटणारं जे खरंखुरं माणूस असेल, त्याला लपवून रोज 'नवी मी' पाठवत राहावी लागेल. खोटी स्थिती कळवायला रेडिओच लागतो असं नाही.

आता थोडं संशोधनाकडे, कारण या विषयावर अभ्यास झालेत आणि त्यातले काही तुमच्या फार कामाचे आहेत. नेदरलँड्समध्ये दीड हजार प्रौढांचा एक अभ्यास झाला, २०१०मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आनंदात दिसली, पण निघण्याच्या आधी. परत आल्यावर, ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली होती असे सोडले, तर गेलेल्यांत आणि न गेलेल्यांत फरक उरला नव्हता. तुमचे पंधरा दिवस म्हणजे तुमचा एकटीचा करंटेपणा नव्हे, बहुतेकांचं तसंच होतं.

पण परदेशी गेल्यावर स्वभावात खरोखर फरक पडतो, असंही दिसलंय. २०१३मध्ये येना विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी जर्मन विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला. काही जण एक-दोन सत्रं परदेशात शिकायला गेलेले, काही मायदेशीच राहिलेले, मिळून हजाराहून अधिक. गेलेले विद्यार्थी नव्या अनुभवांना जास्त मोकळे झाले, इतरांशी जास्त मिळतंजुळतं घेऊ लागले आणि मनाने अधिक स्थिर झाले. मग त्यांनी हे कशामुळे झालं ते तपासलं. बराचसा फरक येत होता तो तिथे जोडलेल्या नव्या नात्यांमधून. २०१८मधला आणखी एक अभ्यास आहे: परदेशात राहिलेल्या माणसांना स्वतःबद्दल जास्त स्पष्टता येते, आणि ती किती देशांत राहिलात यावर ठरत नाही, एकूण किती काळ राहिलात यावर ठरते. याच संशोधकांपैकी दोघांच्या २००९च्या कामात नुसत्या पर्यटनाचा सर्जनशीलतेशी संबंध सापडला नव्हता. तिथे घर करून राहण्याचा सापडला होता. हे गट प्रामुख्याने विद्यार्थ्यांचे आणि व्यवस्थापन शिकणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे ते जसंच्या तसं तुम्हाला लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण दिशा सगळ्यांची एकच आहे. २२ देश एका वर्षात म्हणजे एका देशाला सोळा-सतरा दिवस, त्यातले तीन-चार येण्याजाण्यात. इतक्यात नातं जुळत नाही. नाव लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

पत्रात ११ जणांचा गट आहे, आठवडाभर शेजारच्या तंबूंत झोपलेला. त्यातल्या एकाचंही नाव नाही, देश नाही, स्वभाव नाही. जो आजारी पडला तोही फक्त 'एक'. पुढे त्याचं काय झालं, विचारलंत का कधी?

तिथेच मला तुमच्या राहिलेल्या कामाचं टोक सापडतंय. प्रवासाचा अर्थ प्रवासात लागतोच असं नाही. चार्ल्स डार्विन यांचं उदाहरण घ्या. त्यांचं नाव घेतलं की लोकांना वाटतं, गालापागोस बेटांवर पक्ष्यांच्या चोची पाहिल्या आणि डोक्यात प्रकाश पडला. तसं घडलेलं नाही. 'बीगल' जहाज डिसेंबर १८३१मध्ये निघालं तेव्हा ते २२ वर्षांचे होते. वडिलांचा विरोध होता, मामांनी मध्ये पडून समजूत घातली. पुढची जवळजवळ पाच वर्षं बोट लागण्याचा त्रास त्यांनी काढला. गालापागोसला ते १८३५मध्ये जेमतेम पाच आठवडे होते, आणि तिथल्या फिंच पक्ष्यांपैकी कुठला कुठल्या बेटावरचा, याची नीट नोंदही त्यांनी ठेवली नव्हती. घरी आल्यावर, १८३७च्या सुरुवातीला, जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञांनी ते नमुने तपासले आणि सांगितलं की हे वेगवेगळ्या कुळांतले पक्षी नाहीत, हे सगळे फिंचच आहेत, निरनिराळ्या जातींचे. मग डार्विन जहाजावरच्या इतरांनी बेटवार नोंद करून आणलेले पक्षी शोधत फिरले. जाती बदलतात या विचाराची पहिली वही त्यांनी उघडली ती जुलै १८३७मध्ये, परत आल्यानंतर नऊ महिन्यांनी, घरातल्या टेबलावर.

स्वतः गोळा केलेल्या पक्ष्यांचा अर्थ त्यांना स्वतःला लागला नाही. तो दुसऱ्याने सांगावा लागला. तुम्हाला नेमकं हेच करायला सांगतेय. त्या ११ जणांपैकी ज्याचा पत्ता किंवा नंबर असेल त्याला लिहा, आणि सरळ विचारा की त्या दिवसांत मी तुम्हाला कशी दिसले. उत्तर ऐकून वाईट वाटेल कदाचित. किंवा असं काही कळेल जे तुम्हाला माहीतच नव्हतं. आपण शांत असल्याने दुसऱ्याला किती धीर आला, हे आपल्याला आतून दिसत नाही. आजारी पडलेल्या माणसालाही लिहा, जमलं तर त्याला आधी. काय वाटत होतं आणि का बोलले नाही, तेही लिहा. तिन्ही प्रवासांचे फोटो काढून बसा, पण सुंदर फोटो बाजूला ठेवा. जिथे चिडला होता, घाबरला होता, कुणाचा हेवा वाटला होता, अशा जागा शोधा आणि प्रत्येकीवर पानभर लिहा. प्रेरणा म्हणतात ती बहुतेक वेळा अशा खरखरीत जागी सापडते. सूर्योदयाच्या फोटोत सगळ्यांचा सूर्य सारखाच असतो.

एवढं झाल्यावर जा. जाऊ नका असं मी मुळीच म्हणत नाही, तुमच्यातली जाण्याची ओढ खरी आहे. फक्त २२ देशांची यादी फाडून टाका आणि एक देश घ्या. तीन महिने.

तुमच्या जागी मी असते तर पुन्हा कामिनोवरच गेले असते, पण सां-ज्याँ-प्ये-द-पोर या फ्रान्समधल्या गावापासून. तिथून सांतियागो साधारण ७८० किलोमीटर, पाच आठवडे धरा. पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वत ओलांडायचा असतो, बाराशे मीटरहून जास्त चढ. वरची वाट १ नोव्हेंबर ते ३१ मार्च बंद असते आणि इतर वेळीही हवा बघूनच निघावं लागतं. म्हणजे पहिल्या सकाळीच निर्णय तुमचा: वरून जायचं, दरीतल्या रस्त्याने जायचं, की एक दिवस थांबायचं. पहिला मुक्काम सोडला तर पुढचं काही आगाऊ ठरवू नका. मे किंवा सप्टेंबर निवडा. शेवटच्या शंभर किलोमीटरची गर्दी लागेपर्यंत चालणाऱ्यांच्या मुक्कामांत, आल्बेर्गेत, बहुतेक ठिकाणी जागा मिळून जाते. नाही मिळाली तर विचारावं लागेल, पुढच्या गावापर्यंत चालावं लागेल किंवा कुणाकडे मदत मागावी लागेल. ही गैरसोय मी मुद्दाम सुचवतेय.

बुर्गोस ते लेओन हा पट्टा बस पकडून टाळू नका. मेसेता म्हणतात त्या पठाराला, दिवसचे दिवस सपाट, गव्हाची शेतं, सावली नाही, फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. पुष्कळ जण तो भाग गाळतात. माझा आपला अंदाज असा, की तुम्ही तिथे चांगल्याच कंटाळाल आणि त्या कंटाळ्यात शेजारून चालणाऱ्याशी बोलाल. तोच माणूस आठवडाभर पुन्हा पुन्हा भेटत राहतो, हे कामिनोचं वैशिष्ट्य तुम्ही पाच दिवसांत पाहिलं असण्याची शक्यता कमी.

आणि त्यानंतरचं खरं. स्पेनमधल्या काही आल्बेर्गे स्वयंसेवक चालवतात, त्यांना ओस्पितालेरो म्हणतात. आधी स्वतः कामिनो चाललेल्यांना छोटं प्रशिक्षण देऊन साधारण पंधरा दिवसांसाठी हे काम देतात. प्रशिक्षण आधी घ्यावं लागतं, त्यामुळे चौकशी निघण्यापूर्वी काही महिने सुरू करा. काम म्हणजे काय, तर सकाळी खोल्या झाडायच्या, दुपारी दार उघडायचं, दमून आलेल्यांना जागा द्यायची, आणि जागा संपली की उरलेल्यांना काय सांगायचं ते ठरवायचं. कुणाच्या पायाला इतके फोड आलेत की उद्या चालू नये, हे तुम्हाला त्याच्या तोंडावर सांगावं लागेल. तो वाद घालेल. 'मी कुठली त्यातली जाणकार' म्हणायला तिथे सोय नाही, त्या दारात तुम्हीच आहात. किलिमांजारोपेक्षा हे साहस मला मोठं वाटतं. उंची मात्र काहीच नाही, त्यामुळे दादांना सांगायला जरा अवघड जाईल.

दोन्ही मिळून सात आठवडे झाले. पर्यटक म्हणून शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, म्हणजे अजून पाच आठवडे हाताशी. ते एकाच गावात काढा. सकाळी भाषेचा वर्ग, दुपारी रंग. नवे घ्या, जुने वाळलेत. व्हिसा लागत असेल तर तो पूर्ण मुदतीचा मागा आणि विमा घेताना तो सगळ्या दिवसांचा आहे ना ते तपासा. युरोपीय संघात आणीबाणीचा नंबर सगळीकडे ११२.

कामिनो पुन्हा नको वाटत असेल, तर जपानमधल्या शिकोकू बेटाला वळसा घालणारी ८८ मंदिरांची वाट आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची, पायी दीड-दोन महिन्यांची. तिथे गावकरी वाटसरूंना खायला देतात, कधी पैसेही देतात आणि ते नाकारणं बरं दिसत नाही. फुकट मिळालेलं निमूट घेणं हा तुमच्यासारख्या हिशेबी माणसाला चांगलाच जड जाणारा भाग. पण तिथे भाषेची भिंत उंच आहे, आणि तुमचा प्रश्न बोलण्याचा आहे. म्हणून माझं मत स्पेनला.

रविवारच्या पोटातल्या गोळ्याबद्दल एकच. तो रविवारपुरता असेल तर नोकरीचा प्रश्न आहे आणि त्यावर बोलता येईल. पण झोप उडाली असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे कित्येक आठवडे चाललं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. त्यावर पिरेनीज हा इलाज नाही.

राजीनाम्याची घाई नको. आधी तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. नाही म्हणाले तर मग राजीनाम्याचं बघू, तेव्हा तुम्हाला निदान हे तरी कळलेलं असेल की मागितलं होतं. अर्ज ईमेलने पाठवून मोकळ्या होऊ नका, साहेबांसमोर बसून बोला. कारण विचारतील तेव्हा 'घरगुती अडचण' वगैरे सांगू नका, चालायला जायचंय असंच सांगा. 'आत्ता कामाचा हंगाम आहे, पुढच्या वर्षी बघू' असं ते बहुधा म्हणतील, आणि तुमची मान सवयीने डोलायला लागेल. त्या वेळेसाठी एक वाक्य आत्ताच तयार ठेवा. मी असते तर म्हटलं असतं, "पुढच्या वर्षी नको, या सप्टेंबरमध्येच हवीय, माझं काम कोण बघेल त्याची यादी करून आणलीय." यादी खरोखर करून न्या.